फ्रान्सच्या खेड्यात आठवडाभर घर घेऊन राहायचं तर

मुलगा किंवा लेक तुलूजला, ल्योंला नोकरीला आहे, अशी घरं आता सांगलीत प्रत्येक गल्लीत सापडतात. आईवडील जातात, मुलाच्या दोन खोल्यांत महिना काढतात, मध्ये पॅरिस उरकतात आणि गुडघे धरून परत येतात. त्या महिन्यातला एक आठवडा बाजूला काढा आणि एखाद्या लहान गावात स्वयंपाकघरासकट अख्खं घर भाड्याने घ्या. अशा घराला तिथे झीत म्हणतात. आमच्या भिशीतल्या बायका मला फोन करकरून हेच विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

आधीच सांगते, फोटोतला डोंगर, द्राक्षाचा वेल आणि निळ्या खिडक्या बघून घर ठरवू नका. ओटा बघून ठरवा. विशेषतः घरात शाकाहारी माणसं असतील तर, कारण खेड्यातल्या हॉटेलात त्यांचे हाल होतात. आम्ही जातो त्या, तुलूजच्या उत्तरेकडच्या लोत जिल्ह्यात बटाटेसुद्धा बदकाच्या चरबीत परततात, आणि हिरवं सॅलड मागवलं तरी त्यावर डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे येऊ शकतात. शिवाय दुपारचं जेवण बारा ते दोन. अडीचला गेलात तर स्वयंपाकघर बंद झालेलं असतं आणि कुणी तुमच्यासाठी गॅस पेटवत नाही.

कधी जायचं याचं उत्तर सोपं आहे. फ्रान्सच्या शाळांना उन्हाळी सुट्टी जुलैच्या सुरुवातीला लागते, आपल्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. म्हणजे जूनचा पहिला पंधरवडा आपला. जुलै-ऑगस्टमध्ये भाडं चढतं आणि घर बहुधा शनिवार ते शनिवार असंच देतात. जूनमध्ये चार रात्रींसाठीही मालक तयार होतात. मे महिन्यात जायचं तर १ मे, ८ मे आणि असेन्शन या ख्रिस्ती सणाचा गुरुवार या सुट्ट्या बघून घ्या, त्या दिवशी बरंच काही बंद असतं. संध्याकाळी गारठाही असतो, आणि हीटिंगचे पैसे बऱ्याच घरांत वेगळे लावतात.

गाव निवडताना नावाजलेलं टाळा. 'फ्रान्समधली सर्वांत सुंदर गावं' अशी एक संस्थाच आहे, १९८२ मध्ये कोलोंज-ला-रूज या गावातून सुरू झालेली. वस्ती दोन हजारांच्या आत आणि निदान दोन संरक्षित वास्तू किंवा जागा असतील तरच गावाला तिच्या यादीत शिरकाव मिळतो. गावं खरंच देखणी आहेत, पण उन्हाळ्यात दिवसभर पर्यटकांच्या गाड्या आणि आइस्क्रीमच्या रांगा. तेव्हा मुक्काम दहा-पंधरा किलोमीटर लांबच्या, यादीत नसलेल्या गावात करा आणि सकाळी लवकर जाऊन ते बघून या. सँ-सिर्क-लापोपी हे लोत नदीवरच्या कड्यावरचं गाव सकाळी नवाच्या आत बघावं, दहानंतर त्या बाजूला फिरकू नये. तिथला माळ, ज्याला ते कोस म्हणतात, मला आपल्या जतच्या माळासारखा वाटतो: खुरटी झाडं आणि रचलेल्या दगडांचे बांध, फक्त काळ्या दगडाच्या जागी चुनखडी आणि बाभळीच्या जागी ओक.

घरांच्या जाहिरातीत गव्हाच्या लोंब्यांची खूण दिसेल, एक ते पाच. झीत दे फ्रान्स ही संघटना सोयी बघून ती देते (तिचं पहिलं घर १९५१चं). तीन लोंब्या आपल्याला पुरतात. खरं काम पुढे आहे, मालकाला प्रश्न विचारायचं. फोनवरच्या भाषांतराच्या ॲपमधून फ्रेंच करून पाठवा, उत्तर येतं.

पहिला प्रश्न, शेगडी गॅसची की इंडक्शनची? इंडक्शन असेल तर आपला ॲल्युमिनियमचा कुकर तिथे नुसता शोभेला. कुकर आहे का हेही विचारा. तिकडे त्याला कोकोत-मिनुत म्हणतात आणि जुन्या घरांत तो हमखास असतो. क्रेपचा, म्हणजे तिकडच्या धिरड्यांचा सपाट तवा आहे का? ओव्हन आहे का? मग झोपायच्या खोल्या कुठे आहेत ते. जुन्या दगडी घरांचे लाकडी जिने अरुंद आणि उभे असतात, खोली वर आणि संडास खाली अशी तऱ्हा असते. गुडघ्यांची तक्रार असेल तर 'द प्लँ-पिए' म्हणजे सगळं तळमजल्यावर असलेलं घर मागा. चादरी-टॉवेल भाड्यात धरलेत की वेगळे? बरेचदा वेगळे असतात. शेवटची सफाई आपण करायची की तिचे पैसे द्यायचे? अनामत किती? माणशी दर रात्रीचा एक छोटा पर्यटन करही असतो, तो बिलात आला म्हणून भांडू नका. पाव कुठे मिळतो तेही विचारा, कारण पुष्कळ लहान गावांत आता बेकरी उरलेली नाही. कुठे पाववाला गाडी घेऊन येतो आणि हॉर्न वाजवतो, कुठे चक्क पावाचं मशीन बसवलेलं असतं.

व्हिसाचं थोडक्यात. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. तीस हजार युरोंचा प्रवास विमा लागतो. प्रत्येक रात्र कुठे काढणार याचा कागद लागतो. त्या आठवड्यापुरता घराचा करारनामा चालतो, बाकी दिवसांसाठी मुलाने त्याच्या नगरपालिकेतून आतेस्तासिओं दाकय नावाचं यजमानपत्र काढायचं. त्याला वेळ लागतो, पोरांना आधीपासून मागे लागून सांगा. ठशांसाठी पुण्याला जावं लागतं.

गाडीशिवाय खेड्यात राहणं अवघड. मुलगा चालवणार असेल तर प्रश्न मिटला. आमचे हे स्वतः चालवतात, त्यासाठी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढतात, तो एक वर्ष चालतो. गाडी ऑटोमॅटिक हवी तर बुक करतानाच सांगा, नाहीतर गिअरची हातात पडते, तीही डावीकडे बसून उजव्या हाताने गिअर टाकायची. उजव्या बाजूने चालवायची सवय लवकर होते. सांभाळायचा तो उजवीकडून येणाऱ्याचा हक्क: गावात काही पाटी नसेल तर उजव्या बोळातून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, तो ट्रॅक्टर का असेना. पिवळ्या चौकोनाची पाटी दिसली की हक्क तुमचा. त्याच चौकोनावर काळी रेघ आली की संपला. गावाबाहेरच्या दुपदरी रस्त्यांवर २०१८ पासून ताशी ८० ची मर्यादा आहे, काही जिल्ह्यांनी ती पुन्हा ९० केली, तेव्हा पाटी वाचा.

आता बॅग. दूध आणि मांस यांचा कुठलाही पदार्थ युरोपबाहेरून न्यायला बंदी आहे. म्हणजे तूप नाही, खवा नाही, पनीर नाही, आणि सातारच्या पाहुण्यांनी कौतुकाने दिलेले कंदी पेढेही नाहीत. ताजा कढीपत्ता, मिरच्या, आंबेसुद्धा नकोत, त्यांना रोपांचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं. कांदा-लसूण मसाला, हळद, हिंग, मोहरी, दाण्याचं कूट, सुकवलेला कढीपत्ता आणि दोन किलो ज्वारीचं पीठ एवढं न्या. डाळ-तांदळाचं ओझं नको, ते तिथल्या सुपरमार्केटात मिळतं: लाल मसूर 'लांती कोराय' नावाने, छोले 'प्वा शीश', बासमती तर सगळीकडे. मिक्सर नेऊ नका. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट, पण आपली तीन पायांची पिन तिकडच्या सॉकेटात बसत नाही. बारीक दोन पायांची बसते. एक ॲडॉप्टर असू द्या. आणि एक प्लॅस्टिकचा मग. संडासात फक्त कागद असतो, यापेक्षा जास्त सांगायला नको.

शनिवारी घराची किल्ली दुपारी चारच्या सुमाराला मिळते. तोपर्यंतचा वेळ बाजारात घाला. तुलूजहून सकाळी लवकर निघालात तर फिजाकचा शनिवारचा बाजार गाठता येतो. साडेबारा-एकला तो उठतो. लोखंडी खांबांच्या मंडईत आणि भोवतालच्या गल्ल्यांत टोमॅटो, वांगी, फरसबी, लसूण, क्वेर्सीचे (हे या भागाचं जुनं नाव) खरबूज सगळं मिळतं. भेंडी आणि हिरवी मिरची मिळेलच असं नाही. इजिप्तची चित्रलिपी उलगडणारा शांपोलियों याच गावचा, १७९० चा जन्म. त्याच्या घराशेजारच्या चौकात रोझेटा शिलेची (तिच्यावरच्या लेखावरूनच ती लिपी उलगडली) भलीमोठी काळी प्रतिकृती जमिनीवर अंथरली आहे. नातवंडं त्या अक्षरांवरून उड्या मारत बसतात तोवर आपली भाजी होते.

सुपरमार्केटही त्याच दिवशी उरका. रविवारी दुपारी एकनंतर किराणा मिळणं कठीण, सोमवारी कितीतरी दुकानं बंद, आणि इतर दिवशीही गावातलं दुकान बारा-साडेबाराला जे मिटतं ते अडीच-तीनला उघडतं. दुधाच्या बाटलीचं टोपण बघून घ्या: लाल म्हणजे सायीसकट, निळं म्हणजे निम्मी साय काढलेलं, हिरवं म्हणजे पाणीच. विरजणाला 'याऊर नात्युर' म्हणजे साधं दही चालतं. कणकेसाठी पिठाच्या पुडीवर टी अक्षरापुढे आकडा असतो. जितका मोठा तितका कोंडा जास्त. टी-५५ म्हणजे जवळजवळ मैदा. टी-१५० आणि टी-६५ निम्मं निम्मं घेतलं की पोळी आपल्यासारखी होते, फक्त कणीक अर्धा तास जास्त मुरू द्यायची. चीज घेताना मात्र शाकाहार्‍यांनी विचारावं. तिथली बरीच पारंपरिक चीजं वासराच्या पोटातल्या विरजणाने लावतात, रोकामादूरचं बकरीचं चीजही.

तूप नेता येत नाही, म्हणून ते तिथेच कढवायचं. 'बर दू' म्हणजे बिनमिठाचं लोणी, अडीचशे ग्रॅमच्या दोन वड्या. जाड बुडाच्या पातेल्यात इंडक्शनच्या तीन आकड्यावर ठेवायचं. आधी पांढरा फेस वर येतो, मग तडतड सुरू होते, आणि तडतड थांबून खाली बदामी बेरी दिसायला लागली की लगेच उतरवायचं, कारण काचेची शेगडी बंद केल्यावरही तापलेली राहते. लाल-पांढऱ्या चौकटीच्या झाकणाची जॅमची बरणी प्रत्येक फ्रेंच घरात सापडते (तो जॅम याच लोत जिल्ह्यात तयार होतो), त्यात गाळून ठेवायचं. सुमारे चारशे ग्रॅम तूप निघतं. बेरीत साखर घालून नातवंडांना द्या.

वांग्याचं भरीत गॅस नसला तरी होतं. वांग्याला चिरा देऊन तेल लावा आणि ओव्हन २३० वर ठेवा, साल काळी पडेपर्यंत. फोडणीला मात्र जपून. मार्च २०१५ पासून फ्रान्समधल्या प्रत्येक घरात धुराची घंटा सक्तीची आहे, आणि तिला सुक्या मिरचीची फोडणी सोसत नाही. आधी खिडकी उघडा, चिमणी चालू करा, मग मोहरी. ती घंटा काढून ठेवायची नाही, हे मुद्दाम सांगते, कारण आमच्या वन्सं स्टुलावर चढल्या होत्या. दुसरी काळजी आपल्या सांगलीच्या हळदीची. मालकाचे पांढरे टॉवेल, फिकट ओटा, लाकडी टेबल, कशावरही तिचा डाग पडला की अनामत गेलीच. हात पुसायला घरून दोन जुनी फडकी न्या.

गावात वागायचं कसं, तर दुकानात पाऊल टाकताच 'बोंझूर' म्हणायचं. ते म्हटल्याशिवाय नुसता पाव मागणाऱ्याला उद्धट समजतात, मग तो कितीही हसतमुख असो. रात्री दहानंतर अंगणात मोठ्याने बोलू नका. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे दहा वाजल्याचं कळत नाही. चर्चची घंटा तासातासाला वाजते, काही गावांत तोच तास दोनदा. झोप सावध असेल तर घर चर्चला लागून घेऊ नका. दुपारी ऊन तापलं की लाकडी झडपा आणि खिडक्या दोन्ही लावून घ्यायच्या आणि संध्याकाळी उघडायच्या. हात हात जाडीच्या त्या भिंती दिवसभर गारवा धरतात. आपल्याला अंधारात बसल्यासारखं होतं, पण मालक येऊन स्वतः बंद करून जाईल.

तो बहुधा पहिल्या संध्याकाळी येतोच, कधी मनुका-आलुबुखार घेऊन, कधी काओरची गडद लाल वाइन घेऊन. नाही म्हणू नका. यांना चालते, मी बाटली ठेवून घेते. परतभेट म्हणून बेदाण्याचं पाकीट द्यावं, आपल्याकडचा हिरवा लांब बेदाणा त्यांना नवलाचा वाटतो.

दुखलं-खुपलं तर ११२ हा नंबर सगळ्यासाठी. नुसती ॲम्ब्युलन्स १५ वर. हिरवा क्रॉस म्हणजे औषधाचं दुकान. रोजच्या गोळ्या आठवड्याच्या हिशेबापेक्षा जास्त न्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावासकट ठेवा.

निघायच्या दिवशी सकाळी दहाला घर रिकामं लागतं, आणि मालक आल्या दिवसाची यादी घेऊन भांडी-कपबश्या मोजतो. आदल्या रात्रीच आवरून ठेवा. काचेच्या बाटल्या गावाच्या टोकाच्या मोठ्या डब्यात, पॅकिंगचा कचरा पिवळ्यात. बऱ्याच घरांना सेप्टिक टँक असते, तेव्हा तळणाचं तेल सिंकमध्ये ओतू नका, बाटलीत भरून मालकाला विचारा. मीठ, तेल, उरलेली मसूर पुढच्या माणसासाठी फडताळात ठेवली तर चालते. तूप मात्र सुनेकडे तुलूजला घेऊन जा, फ्रान्सच्या आत कुणी अडवत नाही.