झॉम्बी गेममधला वास कसा रचावा : खरेपणा किती आणि खेळ किती

नोव्हेंबरच्या थंड पहाटे करवीर किंवा पन्हाळा तालुक्यातल्या एखाद्या रस्त्याने निघालात, तर गुऱ्हाळ दिसण्याच्या आधी त्याचा वास येतो. उकळत्या रसाचा तो गोड, थोडा करपट वास जमिनीलगत उसाच्या फडांवरून पसरत येतो. ऊन चढले आणि वारा फिरला, की त्याच रस्त्यावर गुऱ्हाळ शंभर पावलांवर असूनही काही कळत नाही. झॉम्बींपासून, म्हणजे माणसांच्या मागे लागणाऱ्या चालत्या प्रेतांपासून, जीव वाचवण्याच्या गेममध्ये वासाची यंत्रणा बसवू पाहणाऱ्याने सुरुवात या अनुभवापासून करावी, असे माझे ठाम मत आहे. वास कुठून निघतो, कुणीकडे जातो, किती वेळ टिकतो आणि कशाने मरतो, हे चार प्रश्न त्यात आहेत. गेमला यापेक्षा फारसे काही लागत नाही.

आम्ही चौघे मित्र कोल्हापूरच्या जुन्या पेठांमध्ये घडणारा असा एक गेम फावल्या वेळात बनवत आहोत. त्यातली वासाची यंत्रणा आम्ही दोनदा पूर्ण मोडून पुन्हा बांधली. पहिल्यांदा ती फार खरी झाली होती आणि दुसऱ्यांदा फार सोपी. तिसऱ्या वेळी जी रीत हाती लागली ती येथे पायरीपायरीने मांडतो. प्रोग्रामिंग येत नसेल तरी पहिल्या तीन पायऱ्या वही-पेन्सिलीने करता येतात, आणि खरे काम त्या तीन पायऱ्यांतच आहे.

पायरी १ : वासाने खेळाडूपुढे कोणता प्रश्न उभा राहावा, ते एका वाक्यात लिहा

झॉम्बीला डोळे आणि कान दिलेले असताना नाक कशासाठी द्यायचे, याचे उत्तर आधी हवे. नजर आडोशाने तुटते आणि आवाज गप्प बसल्यावर थांबतो. वास मात्र माणूस निघून गेल्यावरही मागे राहतो, आणि माणूस पोचण्याआधी वाऱ्याबरोबर पुढेही जातो. म्हणजे वासाचा विशेष गुण काळ हा आहे. तो गुण वापरायचा नसेल, तर वासाची यंत्रणा घालूच नये. ती फक्त भिंतीपलीकडून ऐकू येणारा दुसरा कान होऊन बसते. आमच्या वहीत पहिल्या पानावर वाक्य आहे : ‘मी आत्ता जे करतो आहे, त्याची किंमत मला थोड्या वेळाने आणि कुठल्या दिशेला मोजावी लागेल?’ पुढचा प्रत्येक नियम आम्ही या वाक्याशी ताडून पाहिला.

या बाबतीत ‘सेव्हन डेज टू डाय’ या गेमचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. २०१३ पासून खेळल्या जाणाऱ्या या गेमच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये कच्चे मांस जवळ बाळगले, की त्याच्या वासाने झॉम्बी येत असत; पुढे ती योजना काढून टाकण्यात आली. कल्पना उत्तमच होती. पण जगण्यासाठी मांस लागतेच, आणि ते जवळ ठेवणे हाच धोका असेल, तर खेळाडूसमोर निवड उरत नाही, फक्त दंड उरतो. वासाला पर्याय हवा, एवढा धडा मी त्यातून घेतला.

पायरी २ : गावातून चालत वासांची यादी करा

ही पायरी खुर्चीवर बसून करू नये. आम्ही एका रविवारी सकाळी भवानी मंडपाजवळच्या चप्पल लाइनपासून निघालो, महाद्वार रोडने गंगावेशीला गेलो आणि तिथून रंकाळा तलावावर पोचलो. प्रत्येक वासापुढे तीन गोष्टी लिहिल्या : तो किती पावलांवरून आला, वाऱ्याच्या कुठल्या अंगाला आला आणि पुढे गेल्यावर किती वेळ नाकात राहिला. नव्या चामड्याचा वास दुकानाच्या दारापर्यंतच होता, पण कपड्यांना धरून राहिला. फोडणीचा वास गल्लीच्या टोकापर्यंत धावला आणि दोन मिनिटांत विरला. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशी बांधलेल्या असतात, तिथला शेणाचा, वैरणीचा आणि ताज्या दुधाचा मिळून एक दाट थर होता. त्या थरात शिरल्यावर बाकी कुठलाच वास वेगळा ओळखू येईना.

घरी येऊन यादीचे तीन गट पाडले. पहिला गट झपाट्याने उडणाऱ्या वासांचा, दुसरा चिकटून राहणाऱ्यांचा आणि तिसरा दुसऱ्या वासाला झाकून टाकणाऱ्यांचा. तिसरा गट सगळ्यांत मोलाचा निघाला, कारण खेळाडूला सुटकेची वाट तिथेच मिळते. तालमीतली लाल माती तेल, ताक आणि हळद घालून मळलेली असते. आमच्या गेममध्ये ती अंगाला चोळली, की माणसाचा वास काही काळ झाकला जातो, पण पावसात भिजले की माती धुऊन जाते. गुळाचे कोठार, जनावरांचा गोठा, चामड्याची कार्यशाळा या जागाही आम्ही आश्रयस्थाने केल्या. वेगळ्या गावात गेम रचणाऱ्याने आपल्या गावची यादी करावी. कोकणातल्या गेममध्ये सुकत घातलेली मासळी हे काम आमच्या मातीपेक्षा चांगले करील.

पायरी ३ : प्रत्येक खरी गोष्ट चाळणीतून काढा

येथे सर्वाधिक वेळ द्यावा. वासाचे विज्ञान इतके सुंदर आहे, की ते सगळेच गेममध्ये घालावेसे वाटते. कुजणाऱ्या मांसातून निघणाऱ्या पुट्रेसिन आणि कॅडॅव्हरिन या दोन द्रव्यांना जर्मन वैद्य लुडविग ब्रीगर यांनी १८८५ च्या सुमारास नावे दिली. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी नाकातील वासग्राहकांच्या जनुकांचा शोध १९९१ मध्ये प्रसिद्ध केला आणि २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. माणसाच्या नाकात अशा ग्राहकांचे सुमारे ४०० कार्यक्षम प्रकार असतात. मी हे सगळे मनापासून वाचले, आणि तरीही त्यातले काहीही गेममध्ये घेतले नाही, कारण ही माहिती असल्याने खेळाडू एकही पाऊल वेगळे टाकत नाही.

चाळणी एवढीच : ही गोष्ट कळल्यावर खेळाडू काही वेगळे करील का? वाऱ्याची दिशा कळली तर तो चूल दुसरीकडे मांडेल. पाऊस येणार हे कळले तर मटण शिजवायला तोवर थांबेल, कारण पाऊस हवेतला वास धुऊन काढतो आणि माग पुसतो. बंद दार वास अडवते हे कळले तर तो दार लावून घेईल. हिवाळ्याच्या पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असल्याने धूर आणि वास वर न जाता आडवे पसरून राहतात, हे कळले तर तो सूर्य वर येईपर्यंत चूल पेटवणार नाही. या चारही गोष्टी खऱ्या आहेत आणि चारही ठेवण्याजोग्या आहेत.

उलट उदाहरण सांगतो. वारा खवळलेला असतो, त्यामुळे खऱ्या जगात वास सलग ढगासारखा न येता तुटक धाग्यांसारखा येतो. एका क्षणी तीव्र, पुढच्या क्षणी शून्य. आमच्या पहिल्या प्रयत्नात आम्ही हे तुटकपण हुबेहूब उतरवले होते. परिणाम असा झाला, की झॉम्बी कधी दहा पावलांवरून निघून जात आणि कधी दोन गल्ल्या ओलांडून येत. खेळणाऱ्यांना तो निव्वळ नशिबाचा भाग वाटला. कारण दिसत नसेल तर खरेपणाही लहरीसारखाच वाटतो, म्हणून आम्ही सलग पसरणारा वास घेतला.

मेलेल्या नाकाला वास येईलच कसा, हा प्रश्न कुणीतरी विचारतोच. वास घेण्यासाठी नाकातला ओलसर थर आणि जिवंत पेशी लागतात, म्हणजे मुळातली कल्पनाच अवास्तव आहे. ती एकदा मान्य करावी आणि तिच्या आतले नियम मात्र काटेकोर पाळावेत. स्वतः कुजणारा झॉम्बी दुसऱ्या झॉम्बींच्या गर्दीत असेल, तर त्याला तुमचा वास कमी यावा, हा तर्क सरळ आहे आणि खेळालाही उपयोगी पडतो, कारण त्यामुळे मोठ्या कळपाजवळून दबकत जाणे हा एक धाडसी पण शक्य मार्ग होतो.

पायरी ४ : नकाशाचे चौकोन करा आणि वास वाहू द्या

नकाशावर दोन मीटरचे चौकोन आखा आणि प्रत्येकात वासाचा एक आकडा ठेवा, ० ते १०० पर्यंत. दर सेकंदाला तीन क्रिया करा. पहिली, वासाचा उगम असेल त्या चौकोनात भर घाला. दुसरी, प्रत्येक चौकोनातला २० टक्के वास शेजारच्या चार चौकोनांना वाटा. वारा नसेल तर प्रत्येकाला ५ टक्के, पश्चिमेचा वारा असेल तर पूर्वेला १४ आणि बाकी तिघांना दोन-दोन. भिंत किंवा बंद दार असेल तिकडचा वाटा मूळ चौकोनातच राहू द्या. तिसरी, उरलेल्या वासात घट करा. दर सेकंदाला ४ टक्के घट ठेवली, तर एकूण वास साधारण १७ सेकंदांत निम्मा होतो. १ टक्का ठेवली, तर त्याला ६९ सेकंद लागतात. फोडणीला पहिला दर द्यावा आणि रक्ताला दुसरा. दर वेगळे असतील तर प्रत्येक प्रकारासाठी आकड्यांचा वेगळा थर ठेवावा लागतो, आणि दोन-तीन थरांपलीकडे जाण्याची गरज आम्हाला पडली नाही. पावसात घट कित्येक पट वाढवावी, थंडीच्या पहाटे निम्मी करावी.

ही गणिते पडद्यावरच्या प्रत्येक चित्राबरोबर करू नयेत. सेकंदाला एकदा पुरते. वास मुळातच सावकाश चालतो, आणि साध्या संगणकावर खेळणाऱ्यांनाही त्यामुळे त्रास होत नाही.

पायरी ५ : झॉम्बीला पतंगाकडून शिकवा

झॉम्बीने फक्त आपल्या भोवतीचे आठ चौकोन तपासावेत आणि ज्यात वास जास्त त्याकडे जावे. त्याला खेळाडूची जागा कधीही थेट सांगू नये; तसे केले की वासाचा सगळा डोलारा खोटा ठरतो, आणि खेळाडूंना ते आश्चर्यकारक वेगाने कळते. ठरावीक आकड्याखालचा वास त्याला येऊ नये. आम्ही तो उंबरठा ५ ठेवला.

खरी मजा माग तुटल्यावर येते. मादीच्या वासामागे उडणारा नर पतंग वास लागताच वाऱ्याच्या समोर झेप घेतो, आणि वास हरवला की वाऱ्याला आडवा, डावीकडे-उजवीकडे झुलत शोध घेतो. आम्ही हीच चाल झॉम्बीला दिली. खिडकीतून पाहणाऱ्या खेळाडूला झॉम्बी गल्लीत आडवा झुलताना दिसला, की याने माझा माग हरवला आहे आणि मला काही क्षण मिळाले आहेत, हे न सांगता कळते. निसर्गातली गोष्ट आणि खेळाची गरज एका जागी भेटण्याचे याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

पायरी ६ : न दिसणारा वास दिसू द्या

पडद्याला गंध नसतो, आणि माणसाचे नाक स्वतःच्या वासाला लवकरच सरावते, त्यामुळे गेममधल्या माणसाला आपला वास प्रत्यक्षात कळलाच नसता. येथे खरेपणाने माघार घ्यावी. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ या २०१८ च्या गेममध्ये शिकारीच्या विशेष नजरेतून वासाची रेषा दिसते. ‘द हंटर : कॉल ऑफ द वाइल्ड’ मध्ये शिकाऱ्याला वाऱ्याची दिशा सतत कळत राहते. आम्ही जगातल्याच खुणांवर भर दिला : देवळाच्या शिखरावरची पताका, चुलीचा धूर, उसाचे एका अंगाला झुकलेले तुरे, आणि पिशवीत मांस असेल तर तिच्याभोवती घोंगावणाऱ्या माश्या.

दाजीपूरच्या जंगलात गवा पाहायचा तर वाऱ्याच्या खालच्या अंगाने जावे लागते, कारण त्याचे नाक फार तीक्ष्ण असते. त्यासाठी चिमूटभर माती हातातून सोडून वारा पाहतात. ही कृती आम्ही जशीच्या तशी एका बटणावर ठेवली. खेळाडू माती सोडतो, ती एका बाजूला उडते, आणि त्याला हवे ते कळते. पडद्याच्या कोपऱ्यातल्या बाणापेक्षा ही खूण लोकांना अधिक आवडली. तरीही ज्यांना बाण हवा त्यांच्यासाठी तो सेटिंगमध्ये ठेवावा.

पायरी ७ : प्रत्येक वासाला किमान दोन उत्तरे द्या

कांदा-लसूण मसाल्याचे सुके मटण आमच्या गेममध्ये सर्वाधिक ताकद देते आणि सर्वाधिक वास सोडते. कोरडी भाकरी आणि दही कमी ताकद देतात, पण झॉम्बीला कळत नाहीत. मटण हवेच असेल तर पावसात शिजवावे, गोठ्याशेजारी शिजवावे किंवा शिजवून ताबडतोब वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला निघून जावे. ज्या वासाला एकच उत्तर आहे, तो वास पुन्हा पायरी २ च्या यादीकडे पाठवावा.

पायरी ८ : कारण विचारून चाचणी घ्या

दहा जणांना खेळायला बसवा. गेममधला माणूस मेला की प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा : ‘झॉम्बी तुमच्यापर्यंत कशामुळे आला?’ उत्तरे लिहून घ्या आणि संगणकातल्या प्रत्यक्ष नोंदीशी ताडून पाहा. आमच्या पहिल्या यंत्रणेत बरोबर कारण सांगणारे दोघे होते, तिसरीत आठ. किती जणांना मजा आली हा प्रश्न यानंतर विचारावा, कारण कारण न कळलेल्या माणसाचे त्या प्रश्नाचे उत्तर यंत्रणा सुधारायला कामाला येत नाही.

शेवटच्या चाचणीत एका मुलीने रंकाळ्याच्या बाजूच्या गच्चीवर सुके मटण शिजवले, माती सोडून पाहिली, आणि वारा पश्चिमेचा आहे, म्हणजे वास महाद्वाराकडे जाणार, हे ओळखले. मग तिने भांडे तसेच चुलीवर ठेवले, अंगाला तालमीची माती चोळली आणि शेजारच्या बोळात दार लावून थांबली. महाद्वार रोडवरचा सगळा कळप गच्चीकडे निघाला, आणि मोकळ्या झालेल्या रस्त्याने ती औषधाच्या दुकानापर्यंत चालत गेली. आमिष असा कुठलाही नियम आम्ही लिहिलेला नव्हता. त्याच रात्री आम्ही चुलीवर राहिलेल्या भांड्याच्या वासाची घट ४ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आणली, म्हणजे ही युक्ती करणाऱ्याला परत येण्यापुरताही वेळ मिळेल.