मित्र तुमच्या माइनक्राफ्ट सर्व्हरवर येऊ शकत नाही? आधी राउटरचा आयपी बघा

सर्व्हर कसा डाउनलोड करायचा आणि सुरू करायचा, हे तुम्हाला येतं असं धरून चालतो. गेम जावा आवृत्तीचा, दोघांकडे आवृत्ती एकच, मॉड असतील तर तेही तेच. इतकं करूनही मित्र आत येत नसेल, तर पुढे वाचा.

पहिलं काम म्हणजे मित्राला एरर शब्द न् शब्द वाचायला सांगा. 'होत नाहीये रे' यावरून काही कळत नाही. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' असेल तर तो दारापर्यंत पोचलाय, पण त्या पोर्टवर, म्हणजे सर्व्हरच्या ठरलेल्या दार-क्रमांकावर, आतून कुणी ओ देत नाही. सर्व्हर बंद असेल किंवा पोर्ट चुकला असेल. नेहमीचा पोर्ट २५५६५. 'ओपन टू लॅन' केलं असेल तर चॅटमध्ये दिसेल तो. 'टाइम्ड आउट' असेल तर त्याची हाक वाटेतच अडली, आणि खरा त्रास इथेच आहे.

विंडोजच्या फायरवॉलमध्ये जावाला परवानगी द्या. फायरवॉल अख्खी बंद करा असं कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका.

आता राउटर. जो तो म्हणतो, 'पोर्ट फॉरवर्डिंग कर', म्हणजे बाहेरून त्या पोर्टवर आलेली हाक आपल्या कॉम्प्युटरकडे पाठवायचा नियम राउटरमध्ये घाल. मीही केलं. पोर्ट तपासला की बंद. राउटर रिसेट केला, पुन्हा नियम घातला, कॉम्प्युटरला कायमचा स्थानिक आयपी दिला. मी पुण्यात, मित्र कोल्हापुरात, रात्रीचे साडेअकरा, आणि फोनवर दोघंही वैतागलेले. अशा तीन रात्री गेल्या. मग राउटरच्या स्टेटस पानावर 'वॅन आयपी'समोरचा आकडा, म्हणजे इंटरनेट कंपनीने राउटरला दिलेला पत्ता, पहिल्यांदा नीट वाचला. सुरुवात १०० ने होती, पुढे ७२. ब्राउझरमध्ये 'माझा आयपी' शोधला तर तिथे भलताच आकडा.

याला सीजीनॅट म्हणतात. आयपीव्ही४ चे पत्ते अपुरे, म्हणून इंटरनेट कंपनी अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देते. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवले गेले. तुम्ही तुमच्या फ्लॅटचं दार उघडलंत, पण सोसायटीचं फाटक कंपनीच्या ताब्यात. राउटरमध्ये कितीही नियम घाला, उपयोग शून्य.

म्हणून माझं ठाम म्हणणं आहे: राउटरचा 'वॅन आयपी' आणि ब्राउझरमधला 'माझा आयपी' हे दोन आकडे ताडून पाहिल्याशिवाय पोर्ट फॉरवर्डिंगला हातही लावू नका. जुळले तर नियम घाला, दहा मिनिटांचं काम आहे. पोर्ट तपासताना सर्व्हर चालू ठेवा, नाहीतर पोर्ट बंदच दिसणार. आणि स्वतःच्याच वायफायवरून सार्वजनिक पत्ता टाकून बघू नका. बरेच राउटर आतून तसं जाऊ देत नाहीत, आणि सगळं नीट असूनही तुम्ही पुन्हा सेटिंग बिघडवत बसाल.

जुळले नाहीत, तर कंपनीकडे सार्वजनिक आयपी मागता येतो, बहुधा जादा पैसे देऊन. मी टेलस्केल वापरतो, म्हणजे दूरचे कॉम्प्युटर खासगी नेटवर्कने जोडणारं ॲप. दोघांनी बसवायचं, तुमचा कॉम्प्युटर मित्राशी शेअर करायचा आणि त्याने टेलस्केलने दिलेला पत्ता गेममध्ये टाकायचा. हा पत्ताही १०० नेच सुरू होतो, गोंधळू नका. खेळ अडखळत असेल तर 'टेलस्केल पिंग' ही कमांड चालवा. उत्तरात सतत 'डर्प' दिसलं, तर जोडणी थेट नसून मधल्या रिले सर्व्हरमार्गे चाललीये.

पण टेलस्केल बसवण्याआधी मित्रालाही त्याच्या राउटरचे दोन्ही आकडे बघायला सांगा. सार्वजनिक पत्ता लागतो तो फक्त सर्व्हर चालवणाऱ्याला. त्याच्याकडे ते जुळत असतील, तर सर्व्हर बंद करून 'वर्ल्ड' फोल्डर त्याला पाठवा आणि पुढे सर्व्हर त्यालाच चालवू द्या.