डीव्हीडीत चित्र आलं पण आवाज गायब? या चुका टाळा

लग्नसराई सरली की कोल्हापुरात आमच्यासारख्या एडिटिंगवाल्यांकडं एक तक्रार हमखास येते. डिस्क लागते, नवरा-नवरी दिसतात, अक्षता पडतात, पण आवाजच नाही. प्रभातवाल्यांनी १९३२ ला इथंच मराठी बोलपट काढला आणि आपण अजून मुकी लग्नं बर्न करून देतोय, काय बोलायचं! आता डिस्क बघतंय कोण असं विचाराल तर कागल-गडहिंग्लजकडं चक्कर मारा, बऱ्याच घरात टीव्हीखाली डीव्हीडी प्लेअर अजून आहे आणि आजीला पेनड्राईव्हपेक्षा तोच जमतो.

आवाज नाही म्हटल्यावर लोक पहिलं काय करतात तर दुसरं सॉफ्टवेअर डाउनलोड करतात, परत सगळं कन्व्हर्ट, परत नवीन कोरी डिस्क, आणि परत तेच. असं करू नका. आवाज बहुतेक वेळा फाईलमध्ये असतोच, फक्त तुमच्या प्लेअरला तो वाचता येत नाही, नाहीतर वाटेत एका ठिकाणी तो गळलेला असतो. ते ठिकाण आधी शोधायचं, कन्व्हर्टचं बटण नंतर.

सगळ्यात जास्त घोळ व्हीएलसी या कॉम्प्युटरवरच्या व्हिडिओ प्लेअरमुळं होतो. सॉफ्टवेअर लई भारी आहे, वादच नाही, पण ते काहीपण वाजवतं. त्यामुळं "कॉम्प्युटरवर तर वाजतंय की" हे म्हणणं काही कामाचं नाही. टीव्हीखालच्या प्लेअरला डीव्हीडीचे नियम लागतात आणि ते नियम नव्वदच्या दशकातले आहेत. त्यात आवाज चालतो तो एसी-३ म्हणजे डॉल्बी डिजिटल, पीसीएम (म्हणजे न दाबलेला आवाज) किंवा एमपी२, डीटीएस चालतो पण तो ऐच्छिक, म्हणजे तुमच्या प्लेअरला येईलच असं नाही. आणि सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले तो आकडा, ४८ किलोहर्ट्झ पाहिजे (पीसीएमला ९६ पण चालतो). आता तुमचा मोबाईल काय रेकॉर्ड करतो? साधारण सगळे एमपी४ मध्ये एएसी आवाज भरतात, आणि एएसी डीव्हीडीच्या यादीत नाहीच. त्यात गाणी सीडीवरून घेतलेली असली तर ती ४४.१ किलोहर्ट्झची. म्हणजे एमपी४ उचलून तशीच डेटा डिस्क म्हणून बर्न केली की काही प्लेअर चित्र दाखवतात आणि आवाजाला गप्प बसतात, काही तर फाईलच उघडत नाहीत.

बघायचं कसं? व्हीएलसीत फाईल लावा आणि कंट्रोल आणि जे दाबा, कोडेकची, म्हणजे आवाज-चित्र कुठल्या पद्धतीनं भरलंय त्याची, माहिती उघडते. तिथं ऑडिओसमोर एमपी४ए लिहिलं असेल तर तो एएसी. कन्व्हर्ट झालेली व्हीओबी (डीव्हीडीवरची व्हिडिओ फाईल) लावली तर ए५२ दिसायला पाहिजे (व्हीएलसी एसी-३ ला असंच म्हणतं, घाबरू नका) आणि खाली ४८००० हर्ट्झ. ऑडिओची ओळच नसेल तर मात्र आवाज खरंच गेलाय. कन्व्हर्टरमध्ये ऑडिओला "कॉपी" ठेवायचं नाही, एसी-३, ४८ किलोहर्ट्झ, स्टिरिओ, १९२ किंवा २२४ केबीपीएस असं स्वतः निवडायचं. एफएफएमपेग हे कमांड देऊन चालवायचं कन्व्हर्टर वापरणाऱ्यांनी टार्गेट पॅल-डीव्हीडी दिलं की एसी-३ आणि ४८ किलोहर्ट्झ आपोआप बसतं.

प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरवाल्यांचा विषय वेगळा. एमपीईजी२-डीव्हीडी निवडून एक्सपोर्ट केलं की बऱ्याचदा दोन फाइली पडतात, एक एम२व्ही, तिच्यात फक्त चित्र, आणि एक वेव्ह, तिच्यात आवाज. पोरं एम२व्ही तेवढी उचलून ऑथरिंगमध्ये (डीव्हीडी तयार करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) टाकतात आणि वर सॉफ्टवेअरला शिव्या घालतात. दोन्ही घ्या. पण वेव्ह तशीच पीसीएम म्हणून ठेवली तर ती एकटी १.५ एमबीपीएसच्या वर खाते, डीव्हीडीची एकूण मर्यादा १०.०८ एमबीपीएस आहे, मग व्हिडिओ ९ वर ठेवला असेल तर डिस्क अडखळणारच. व्हिडिओ खाली आणा नाहीतर आवाज एसी-३ करा.

आणि ऑडिओ टीएस नावाचं फोल्डर रिकामं दिसलं म्हणून फोन करू नका राव. व्हिडिओ डीव्हीडीत ते रिकामंच असतं, आवाज व्हिडिओ टीएस मधल्या व्हीओबीतच असतो.

आता एक असा प्रकार जो भल्याभल्यांना चकवतो. खासबाग मैदानात कुस्त्यांचं शूट आहे समजा, किंवा हॉलमध्ये लग्न, साउंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट लाइन घेतली, हेडफोनवर निवेदक ऐकू येतोय, फक्त जरा पोकळ, डोक्याच्या मागून बोलल्यासारखा. डिस्क केली, घरच्या जुन्या एका स्पीकरच्या टीव्हीवर लावली तर निवेदक गायब, आणि दुसऱ्या कॅमेऱ्याच्या माइकवरची हलगी मात्र कडाडतेय. होतं काय तर मिक्सरचं बॅलन्स्ड आउटपुट (एकच आवाज दोन तारांवर, एकीवर सुलटा आणि एकीवर उलटा) साध्या केबलनं कॅमेऱ्याच्या स्टिरिओ जॅकमध्ये घातलेलं असतं, त्यामुळं डावीकडं जो आवाज जातो त्याचाच उलटा उजवीकडं जातो. मोनो टीव्ही दोन्ही एकत्र करतो आणि बेरीज शून्य! इथं फॉरमॅट कितीपण बदला, काय उपयोग नाही. ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये तो ट्रॅक उघडा, स्टिरिओचे दोन मोनो करा, एक उडवा आणि राहिलेला दोन्ही बाजूला द्या, नाहीतर एकाला इन्व्हर्ट मारा, म्हणजे उलटा सुलटा होतो. दोन मिनिटांचं काम. आणि शूटच्या दिवशीच शंका आली तर साउंडवाल्याला गोड बोलून केबल बदलून घ्या.

५.१ म्हणजे सहा चॅनलच्या आवाजाची फाईल असेल तर संवाद मधल्या चॅनलवर असतात, कन्व्हर्टरनं पुढचे डावे-उजवे तेवढेच घेतले की गाणी वाजतात आणि माणसं मुकी. डाउनमिक्स टू स्टिरिओ निवडा.

टाइमलाइनवर ट्रॅक म्यूट राहिलाय का, एक्सपोर्टमध्ये ऑडिओची टिक आहे का, हे बघाच, सांगायला नको खरं तर.

मग उरतो प्लेअर. दुकानातून आणलेल्या पिक्चरच्या डिस्कलाही आवाज नसेल तर तुमची फाईल निर्दोष आहे. प्लेअरच्या ऑडिओ सेटअपमध्ये डिजिटल आउट बिटस्ट्रीमवर (म्हणजे डॉल्बी न उलगडता तसाच पुढं पाठवणं) असेल आणि टीव्हीला डॉल्बी कळत नसेल तर शांतता, तिथं पीसीएम करा. रिमोटवरचं ऑडिओचं बटण दाबून दुसरा ट्रॅक लागलाय का ते पण बघा. पिवळी वायर चित्राची, लाल-पांढरी आवाजाची. त्या दोन्ही टीव्हीच्या मागं व्हिडिओ शेजारच्याच भोकात आहेत ना, का तिसऱ्याच इनपुटला घातल्यात?

टेस्टिंगला एक आरडब्ल्यू डिस्क बाजूला ठेवा, पुसून परत वापरता येते. ती गिऱ्हाइकाच्या घरासारख्या जुन्या प्लेअरवर लावा, आणि सुरुवातीची दोन मिनिटं बघून बंद करू नका, मध्ये आणि शेवटी पण बघा, कारण मोबाईलचं शूट असेल तर फ्रेम रेट कमी-जास्त होतो आणि तासाभरानं ओठ एकीकडं, मंगलाष्टका दुसरीकडं. तसं दिसलं तर मूळ फाईल आधी सेकंदाला एकसारख्या २५ फ्रेमवर आणा, आणि मगच बाकीच्या कॉप्या मारा.