डिपेश मोडच्या गाण्याचा डार्क मिनिमल रिमिक्स करताय? या चुका टाळा

महिन्याला दोन-तीन तरी पोरं मला डिपेश मोड या ब्रिटिश बँडच्या 'एन्जॉय द सायलेन्स'चा स्वतः केलेला डार्क मिनिमल रिमिक्स, म्हणजे मोजक्याच आवाजांची, गडद, क्लबात नाचायची आवृत्ती, ऐकायला पाठवतात. मेहनत दिसते, पण चुका त्याच त्या. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

पहिली चूक म्हणजे अख्खं गाणं ठेवायचं. कडवं, ध्रुवपद, गिटारची ती ओळ, परत ध्रुवपद, आणि खाली फक्त किक (ड्रमचा जड ठोका) बदललेली. मूळ गाणं बँडचा गीतकार मार्टिन गोरनं हार्मोनियमवर, अगदी संथ बांधलं होतं. त्याला वेग द्यायची कल्पना बँडमधल्याच अ‍ॅलन वाइल्डरची, आणि १९९० मध्ये ते आलं ते नाचतं होऊनच. बँडनं स्वतः गाणं एवढं पालटलं, मग तुम्ही का बिचकता? मिनिमलचा नावाजलेला डीजे रिकार्डो व्हिलालोबोसनं २००६ मध्ये डिपेश मोडच्याच 'द सिनर इन मी'चा केलेला रिमिक्स ऐका. दहा मिनिटांच्या वर चालतो, पण घाई कुठेच नाही. मी आधी गायकाचा नुसता आवाज ऐकतो, त्यातली एकच ओळ निवडतो आणि पहिली चार मिनिटं तीही येऊ देत नाही. एवढं थांबणं जमत नसेल, तर हा प्रकार तुमच्यासाठी नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

'एन्जॉय द सायलेन्स'चा मूळ वेग ११३ बीपीएमच्या (मिनिटाला ११३ ठोक्यांच्या) आसपास आहे. तो थेट १२५ वर ओढला की गायक डेव्ह गहानचे लांबवलेले स्वर आखडतात आणि 'स'कार फाटतात. मी ११८च्या वर जात नाही. गेलोच, तर शब्द एकेक कापून हातानं बसवतो.

आता बेस. ही चूक मी स्वतः केली आहे. माझा बेस (सगळ्यात खालचे, खर्जातले सूर) 'जी' या सुरावर होता, म्हणजे साधारण ४९ हर्ट्झ. गाणं सी मायनरमधलं, त्यामुळे सूर चपखल बसला होता. हेडफोनवर तो भरदार वाटावा म्हणून मी उजवी बाजू १० मिलिसेकंद मागे सरकवली. खोलीत ऐकताना अंगावर काटा आला. रात्री पुण्यातल्या एका क्लबात ट्रॅक लावला, किक पडली, आणि बेस गायब! आवाज वाढवला, लो-ईक्यूचं, म्हणजे खर्ज वाढवायचं, बटण पूर्ण फिरवलं, तरी काही नाही. नाचणारे एकेक करून बारकडे सरकले. तिथली सिस्टिम मोनो होती, म्हणजे डावी-उजवी बाजू एकत्र करून वाजवणारी. ४९ हर्ट्झच्या लाटेचं एक आवर्तन साधारण २० मिलिसेकंदांचं. एक बाजू १० नं मागे ठेवली की एकीचा चढ दुसरीच्या उतारावर येतो, आणि दोन्ही बाजू एकत्र झाल्या की बेस जवळजवळ पुसला जातो. हे कारण मला घरी येऊन कागदावर लाटा काढल्या तेव्हा कळलं. तेव्हापासून १२० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो ठेवतो, आणि ट्रॅक कुणाला देण्याआधी मोनोचं बटण दाबून उभ्यानं पूर्ण ऐकतो. बसून ऐकलं की माझं लक्ष उडतं.

गाण्यातून व्होकल, म्हणजे गायकाचा आवाज, वेगळा काढून देणारी सॉफ्टवेअरं आता सगळ्यांकडे आहेत. भरगच्च मिक्समध्ये त्यांची खरखर झाकली जाते. मिनिमलमध्ये आवाजाच्या मागे काहीच नसतं, त्यामुळे मूळ स्नेअर ड्रमचं भूत प्रत्येक शब्दाला चिकटलेलं ऐकू येतं. शब्दांमधल्या जागा हातानं शांत करा. तासभर जाईल, जाऊ द्या.

रिव्हर्ब (घुमण्याचा इफेक्ट) ओतला म्हणजे ट्रॅक डार्क होत नाही, नुसता ओला होतो.

सुरुवातीला १६ बार (चार ठोक्यांचा एक बार) नुसती किक आणि हाय-हॅट (झांजेचा बारीक ठोका) ठेवा, डीजेला आधीच्या ट्रॅकमध्ये मिसळायला जागा लागते.

लिमिटर (आवाजाची पातळी ठरावीक मर्यादेत ठेवणारं साधन) शेवटी लावा, पहिल्या दिवशी नको.

आणि हक्कधारकांची परवानगी नसेल तर ट्रॅक विकायला काढू नका. तुमचा एकेक हाय-हॅट कुणी न विचारता उचलला तर कसं वाटेल, तेवढं आठवा.