कोळ्याचे लिंग आणि गुणसूत्रे कशी पाहावीत

येऊरचे जंगल राष्ट्रीय उद्यानात मोडत असल्याने तेथील कोळी केवळ पाहावेत. नमुना ठाण्यातल्या आपल्या बागेतूनच घ्यावा. तोंडाजवळच्या स्पर्शपादांची टोके फुगलेली असली, तर तो प्रौढ नर समजावा. त्याच्या वृषणातील पेशी पोटॅशियम क्लोराइडच्या पातळ द्रावणात फुगवून, तीन भाग मिथेनॉल व एक भाग ॲसिटिक आम्लात स्थिर करून, गिम्सा या रंगद्रव्याने रंगवाव्यात. वाय गुणसूत्र शोधत बसू नये (सवयीने आपण तेच करतो): बहुतेक कोळ्यांच्या नरात एक्स-१ आणि एक्स-२ ही दोन वेगवेगळी लिंग-गुणसूत्रे एकेकटी असतात, मादीत दोहोंच्या जोड्या असतात, म्हणून मादीची एकूण संख्या दोनने जास्त भरते. शुक्राणू बनताना होणाऱ्या अर्धसूत्री विभाजनात (यात गुणसूत्रांची संख्या निम्मी होते) नराची ही दोन्ही शेजारी राहून एकाच ध्रुवाकडे जातात. त्यामुळे निम्म्या शुक्राणूंना दोन्ही मिळतात, उरलेल्यांना एकही नाही, आणि अशा एक्सविरहित शुक्राणूपासून नर जन्मतो.