तान्ह्या-लहानग्यांना घेऊन गावाकडच्या फॅमिली हॉटेलात राहायला जाताना

लहान मुलांसाठी म्हणून बांधलेल्या हॉटेलांच्या जाहिरातीत घसरगुंडी असते, बकरीची पिल्लं असतात, रंगीत चेंडूंचा हौद असतो. मुलांना ते सगळं आवडतंच. पण आमचा थोरला साडेतीन वर्षांचा आणि धाकटी दहा महिन्यांची, आणि या वयाच्या मुलांना घेऊन राहिल्यावर माझं मत पक्कं झालंय: हॉटेल निवडायचं ते संध्याकाळी सात ते सकाळी सात या वेळेवरून. मूल शांत झोपलं तर दिवसा साधं अंगणही पुरतं. झोप मोडली, तर घसरगुंडीच्या पायरीवरच रडारड सुरू होते.

म्हणून बुकिंग करण्याआधी फोन करा. फोटोंत न दिसणाऱ्या गोष्टी फोनवरच कळतात. माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मुलं झोपल्यावर आम्ही बसायचं कुठे? एकच खोली असेल, तर आठ वाजता दिवे बंद होतात आणि आईबाबाही अंधारात कुजबुजत बसतात. मधे दार असलेली दोन खोल्यांची जागा उत्तम. तेवढं परवडत नसेल तर निदान पलंगाच्या मधे जाड पडदा, किंवा काचेच्या दारातून पाळणा दिसेल अशी बसायला गॅलरी. दुसरं विचारायचं ते खोली कुठल्या बाजूला आहे. जेवणाच्या हॉलच्या किंवा स्वयंपाकघराच्या वरची खोली नको, कारण तिथे उशिरापर्यंत भांड्यांचा आणि खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. तिसरं, पडदे. उन्हाळ्यात मोकळ्यावर उजेड फार लवकर आत येतो आणि पक्षी त्याच्याही आधी सुरू होतात. पडदे पातळ आहेत असं कळलं, तर मी एक काळी चादर आणि कपड्यांचे चिमटे बॅगेत टाकते.

बेबी कॉट मिळते का, एवढंच विचारून थांबू नका. ती कशी आहे ते विचारा, आणि पोचल्यावर स्वतः तपासा. दोन दांड्यांमधली फट साधारण 6 सेंटीमीटरपेक्षा जास्त नको; त्यातून बाळाचं अंग जातं आणि डोकं अडकतं. गादी कॉटच्या मापाची हवी. गादी आणि कठडा यांच्या मधे माझी दोन बोटं गेली, तर मी ती कॉट परत पाठवते. एक बाजू खाली सरकणाऱ्या जुन्या कॉट नकोतच. त्यात बाळं अडकून दगावल्यावर अमेरिकेत 2011 साली त्यांची विक्री बंद झाली. हॉटेलवाले प्रेमाने उशी, दुलई, मऊ खेळणी रचून ठेवतात. वर्षाच्या आतल्या बाळासाठी ते सगळं बाहेर काढा. मोकळी, घट्ट गादी आणि बाळ पाठीवर.

खोलीत शिरल्यावर सामान उघडायची घाई करू नका. आमच्याकडे नवरा मुलांना बाहेर घेऊन जातो आणि मी दार लावून गुडघ्यांवर रांगते. तेवढ्या उंचीवरून खोली निराळीच दिसते. पडद्याच्या दोरीचा फास खाली लोंबत असतो, चहाच्या किटलीची वायर टेबलाच्या कडेवरून आलेली असते, खिडकीखालीच खुर्ची ठेवलेली असते. दोरी वर गुंडाळून बांधायची, किटली कपाटात, खुर्ची दुसऱ्या भिंतीला. बाथरूमची आतली कडी मुलाच्या हाताला लागत असेल तर तिच्यावर कागदी टेप. नळाचं गरम पाणी किती गरम येतं ते स्वतःच्या हातावर बघायचं, आणि बाळाला अंघोळ घालताना आधी गार पाणी, मग गरम, शेवटी कोपर बुडवून अंदाज.

रिमोट मात्र मी सगळ्यात आधी उचलते. एसीचा, दिव्यांचा, पंख्याचा, जो असेल तो. काहींत नाण्यासारखी चपटी बॅटरी असते आणि मागचं झाकण नखानेही सरकतं. अशी बॅटरी गिळली आणि अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांतही आतून गंभीर भाजतं. वर लक्षण काहीच दिसत नाही, किंवा नुसती लाळ गळते. झाकणावर टेपचे दोन वेढे द्या आणि रिमोट उंचावर ठेवा. गिळल्याची नुसती शंका आली, तरी उलटी काढायला न जाता थेट हॉस्पिटल गाठायचं. म्हणूनच जवळचं मुलांचं हॉस्पिटल किती मिनिटांवर आहे, रात्री गाडी मिळते का आणि खोलीत फोनला रेंज येते का, हे पोचल्या पोचल्या रिसेप्शनवर विचारून घ्या. थर्मामीटर, ओआरएसची पाकिटं आणि तापाचं औषध जवळ हवंच. त्यावर मुलाच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांनी सांगितलेला डोस लिहून चिकटवलेला असेल, तर रात्री दोन वाजता डोकं चालवावं लागत नाही.

आता झोपेकडे येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019च्या सूचनांनुसार 1 ते 2 वर्षांच्या मुलांना दिवसभरात 11 ते 14 तास झोप हवी आणि 3 ते 4 वर्षांच्यांना 10 ते 13 तास, दुपारची झोप धरून. फिरायला गेल्यावर आपण नेमकी दुपारची झोप कापतो आणि संध्याकाळी मूल किरकिर करतं. दुपारचे दोन तास खोलीसाठी राखून ठेवा, मग त्या वेळी अंगणात कितीही चांगला खेळ चालू असो. रात्रीचा क्रम घरचाच ठेवायचा: अंघोळ, दूध, दात, गोष्ट, दिवा. घरची वापरलेली, न धुतलेली चादर सोबत न्या. तिला ओळखीचा वास असतो आणि नवख्या गादीवर तो फार कामाला येतो.

शहरातल्या मुलांना गावाकडची रात्र परकी वाटते. काळोख खरा असतो, आणि रहदारीचा सतत येणारा आवाज नसल्याने प्रत्येक बारीक आवाज मोठा होतो. थोरला पहिल्या रात्री पांघरुणातून विचारत होता, "आई, हे कोण ओरडतंय?" मी त्याला उचलून दारातल्या पायरीवर नेलं, टॉर्च बंद केला आणि आम्ही ऐकत बसलो. तो किर्र आवाज रातकिड्याचा. तो लांबचा कुत्र्याचा. टपटप म्हणजे पन्हाळीतून गळणारं पाणी. प्रत्येक आवाजाला नाव मिळालं तशी त्याची माझ्या गळ्यातली मिठी सैल झाली. तेव्हापासून झोपायच्या आधी पाच मिनिटं बाहेर बसणं हा आमच्या क्रमातलाच भाग झालाय. सोबत मंद पिवळा दिवा असू द्या, म्हणजे रात्री जाग आली तरी मूल खोली ओळखतं.

बेबी मॉनिटर किंवा फोनवरून खोलीतला आवाज ऐकायची सोय बरीच हॉटेलं देतात. जुन्या जाड भिंतींमधून तो पोचतो का, ते दिवसा एकाने खोलीत बोलून आणि दुसऱ्याने खाली उभं राहून बघा. त्याच इमारतीत, हाकेच्या अंतरावर असेन तरच मी तो वापरते. दुसऱ्या इमारतीत जेवायला बसून मूल खोलीत एकटं ठेवणं मला पटत नाही, सोय कितीही चांगली असली तरी.

जेवणाचं थोडक्यात. मुलांचं जेवण साडेपाच-सहाला मिळतं का, उंच खुर्चीला पट्टा आहे का आणि बाळासाठी मीठ-साखर न घालता मऊ शिजवून देतात का, हे आधी विचारा. कुठल्या पदार्थाची ॲलर्जी असेल तर चिठ्ठीवर लिहून स्वयंपाकघरात द्या. तोंडी निरोप वाढणाऱ्यापर्यंत पोचेलच असं नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध नको, कोणी कितीही कौतुकाने भरवायला आलं तरी.

गोठा म्हणजे मुलांचं खरं सुख, तेव्हा तिथे घाई करू नका. चारा द्यायला मुलाचा तळहात सपाट, अंगठा बोटांना चिकटलेला, आणि आपला हात त्याच्या हाताखाली. बकरीचे ओठ तळव्यावर फिरले की मूल आधी दचकतं आणि मग पुन्हा हात पुढे करतं. जनावराला पापा मात्र नको. दुधाची बाटली, चोखणी, बिस्किटं गोठ्याबाहेर ठेवायची. जनावरांच्या शेणातून ई-कोलाय या जंतूचे काही घातक प्रकार पसरतात आणि पाच वर्षांखालच्या मुलांना त्यांचा त्रास जास्त गंभीर होऊ शकतो. बाहेर आल्यावर साबण आणि वाहतं पाणी, बोटांच्या बेचक्यांपर्यंत. सॅनिटायझरवर भागवू नका. काही जंतू त्याने जात नाहीत. गोठ्यातले बूट खोलीच्या दाराबाहेर काढायचे, कारण आत रांगणारी धाकटी असते. आणि घरात कोणी गरोदर असेल, तर तिने नुकत्याच व्यालेल्या शेळ्या-मेंढ्यांपासून आणि त्यांच्या पिल्लांपासून दूरच राहावं.

गवतातून फिरून आल्यावर अंघोळीच्या वेळी कानामागे, केसांत, काखेत, गुडघ्यामागे गोचीड आहे का बघा. असेल तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ, सावकाश वर ओढायची. डासांसाठीचं डीईईटी असलेलं औषध दोन महिन्यांखालच्या बाळाला लावू नका. लेमन युकॅलिप्टस तेलाचं औषध तीन वर्षांखाली चालत नाही. तान्ह्यांना मच्छरदाणीच बरी.

पाण्यापाशी एकच नियम: हात लांबवला की मूल हाताला लागलं पाहिजे. बुडणारं मूल बहुतेकदा ओरडत नाही आणि काही सेंटीमीटर पाणीही पुरतं, म्हणजे पूलच काय, अंगणातलं टाकं आणि भरलेली बादलीही त्यात आली. दंडावरचे फुगे विसंबण्यासारखे नाहीत. आम्ही दोघं असलो की एकमेकांना स्पष्ट सांगतो, "आता तू बघ." दोघंही बघतायत असं वाटतं, तेव्हाच कोणी बघत नसतं.

खेळघरात मुलांना सांभाळायला ताई असतात. दोन वर्षांखालच्या तीन-चार बाळांमागे एक तरी ताई असावी, असं मला वाटतं. पहिल्यांदा अर्धा तास स्वतः तिथे बसा. निघताना चोरून सटकू नका. "मी चहा पिऊन येते" असं सांगा आणि चहा पिऊन खरंच या.

परतीच्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर निघालं की प्रवास झोपेत जातो, म्हणून खोली उशिरा सोडायची परवानगी आदल्या दिवशीच मागून ठेवा. दोरी, कॉटचा ढिला बोल्ट, रिमोटचं झाकण असं जे काही सापडलं असेल ते रिसेप्शनवर लिहून द्या, म्हणजे पुढच्या बाळाआधी ते दुरुस्त होईल. गाडीत बाळाची सीट मागे तोंड करून लावा. घरी पोचल्यावर बाळ गाढ झोपलेलं असलं, तरी सीटमध्येच ठेवू नका. मान पुढे पडून श्वास कोंडू शकतो. उचलून सपाट गादीवर पाठीवर निजवा.