शिकारीचं मांस ताटात आलं, तर या चुका टाळा

प्रवासात कुणी आग्रहाने रानडुकराचं किंवा अस्वलाचं मांस वाढलं, की नाही म्हणणं जड जातं. खा, पण आतपर्यंत शिजलंय ना, हे विचारायला अजिबात संकोचू नका. या प्राण्यांच्या स्नायूंत ट्रिकिनेला नावाच्या जंताच्या अळ्या दडलेल्या असू शकतात. त्या नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, आणि मांसाच्या वासाचवीवरूनही काही कळत नाही.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज म्हणजे ‘फ्रीझरमधलं आहे, काही होत नाही’. पाळीव डुकराच्या मांसाचे पातळ तुकडे उणे 15 अंशांवर 20 दिवस ठेवले की अळ्या मरतात, हे खरं. पण थंड प्रदेशातली ट्रिकिनेला नेटिव्हा ही जात गोठूनही जगते. कॅनडाच्या सस्कॅचवानमधल्या एका अस्वलाचं मांस 45 दिवस गोठवलेलं होतं. 2022 मध्ये अमेरिकेतल्या साउथ डकोटात एका कौटुंबिक मेळाव्यात त्याचे कबाब झाले. मांस मुळातच गडद, त्यामुळे ते कच्चं राहिल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही. काहींनी खायला सुरुवात केल्यावर ते उमगलं, मग पुन्हा भाजलं. तरी सहा जण आजारी पडले. त्यातल्या दोघांनी तर मांस खाल्लंच नव्हतं, फक्त त्यासोबत भाजलेल्या भाज्या खाल्ल्या होत्या!

म्हणून रंगावर जाऊ नका. स्वतः शिजवत असाल तर थर्मामीटर सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसा. 71 अंश सेल्सिअस दिसायलाच हवेत. कच्च्या मांसाची सुरी आणि पाट साबणाने धुतल्याशिवाय भाजीला लावू नका. धुरावलेलं, खारवलेलं, वाळवलेलं मांसही सुरक्षित धरू नका. गरोदर बाईने तर अर्धकच्चं हरणाचं मांसही टाळावं. त्यातल्या टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीचा धोका पोटातल्या बाळाला असतो.

आणखी एक चूक घरी परतल्यावर होते. मांस खाल्ल्यावर आधी एक-दोन दिवसांत मळमळ, जुलाब होतात, ते आपण प्रवासाच्या खाण्यावर ढकलतो. पुढे दोन ते आठ आठवड्यांत ताप येतो, अंग ठणकतं, पापण्या सुजतात. तोवर ते जेवण आठवतही नाही. डॉक्टरांना मांस कुठलं आणि कधी खाल्लं ते आपणहून सांगा. रक्तात इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढलेत का, ते बघता येतं. अँटीबॉडीची तपासणी सुरुवातीला निगेटिव्ह येऊ शकते, तेवढ्यावर निश्चिंत राहू नका. अल्बेंडाझोलसारखं औषध लवकर सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं. आणि त्या पंगतीला तुमच्यासोबत जे बसले होते, त्यांनाही लगेच कळवा.